पुण्याच्या हवेत पाळीव सापाच्या टँकमधली आर्द्रता कशी सांभाळायची

पुण्यात बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक पाळायला घेतलेल्या माणसाला पहिल्या वर्षात बहुधा दोनदा धावपळ करावी लागते. मार्च-एप्रिलमध्ये साप अखंड कात न टाकता तुकड्यातुकड्यांनी टाकतो आणि डोळ्यांवर पापुद्रा राहतो. जुलैमध्ये त्याच टँकच्या कोपऱ्यांत पांढरी बुरशी धरते आणि सापाच्या पोटावरचे खवले तांबूस दिसायला लागतात. टँक तोच असतो, पाण्याचं भांडं तेच, फवारणीचं वेळापत्रकही तेच. बाहेरची हवा मात्र पूर्ण पालटलेली असते.

इंटरनेटवर मिळणारे बहुतेक सल्ले थंड देशांतल्या, हिवाळाभर हीटर चालणाऱ्या घरांसाठी असतात. आर्द्रता वाढवायची कशी, एवढंच त्यांत सांगितलेलं असतं. पुण्यात नोव्हेंबर ते मे ती वाढवावी लागते आणि जून ते सप्टेंबर आवरावी लागते. त्यामुळे ‘रोज दोनदा फवारा मारा’ हा नियम इथे बाराही महिने चालवला, तर वर्षाचे चार महिने तो सापाला बाधतो.

खालची पद्धत तीन गोष्टींवर उभी आहे: तळाचा थर ओलसर, साप ज्यावर बसतो तो पृष्ठभाग कोरडा, आणि हवा खेळती. ओल खालून वर यावी, वरून शिंपडलेली नसावी.

१. कागद आधी, साप नंतर

नाग, धामण, घोणस, अजगर, मांडूळ यांसारखे आपल्याकडचे साप वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. ते घरी ठेवणं गुन्हा आहे, मग साप बिनविषारी असो की जखमी. मांडूळ ‘इंपोर्टेड सँड बोआ’ म्हणून खपवण्याचे प्रकार होतात, तेव्हा कुणी स्वस्तात देत असेल तर तिथून निघा. घरात किंवा सोसायटीत साप निघाला, तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा.

परदेशी जातींपैकी बॉल पायथन, बोआ कन्स्ट्रिक्टर, केनियन सँड बोआ या साइट्स कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात येतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा जाती कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या, आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांची मुदत असते. कॉर्न स्नेक साइट्सच्या यादीत नाही, तरी त्याचंही बिल घ्या.

जवळ ठेवायचे कागद:

- शास्त्रीय नावासकट खरेदीचं बिल
- साप बंदिस्त प्रजननातून जन्मल्याचा विक्रेत्याचा लेखी दाखला
- यादीतली जात असेल तर परिवेशवरची नोंदणी
- सापाचे स्पष्ट फोटो, तारखेसह

बिल नाही, दाखला नाही, ‘नंतर देतो’ म्हणतात, अशा ठिकाणी साप घेऊ नका. पुढे डॉक्टरकडे नेताना किंवा घर बदलताना हेच कागद लागतात.

२. आपल्या सापाला किती आर्द्रता लागते

रोजच्या दिवसासाठीचे आकडे असे धरा. कात टाकण्याच्या काळात साधारण दहा टक्के वर चालतात.

- बॉल पायथन: ५५ ते ७० टक्के
- बोआ कन्स्ट्रिक्टर: ५५ ते ७० टक्के
- कॉर्न स्नेक, किंग स्नेक, मिल्क स्नेक: ४० ते ६० टक्के
- केनियन सँड बोआ, वेस्टर्न हॉगनोज: ३० ते ५० टक्के, आणि सोबत एक छोटं ओलसर लपण, म्हणजे लपायची जागा (सातवी पायरी पाहा)

रेनबो बोआ, ग्रीन ट्री पायथन यांच्यासाठी वेगळीच तयारी लागते. पहिला साप म्हणून ते घेऊ नयेत.

हे आकडे टँकच्या मधल्या भागातले, सापाच्या उंचीवरचे आहेत. दिवसात दहा-पंधरा टक्के वर-खाली होणं चांगलंच. रानातही पहाट दमट असते आणि दुपार कोरडी. आकडा सतत एका जागी खिळवून ठेवायला जाल, तर टँक कायम ओला राहील.

३. आधी मोजायला शिका

लागणारं साहित्य:

- लांब वायरचा सेन्सर असलेले दोन डिजिटल थर्मो-हायग्रोमीटर (तापमान आणि आर्द्रता मोजणारी यंत्रं)
- हीटिंगसाठी थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणारं यंत्र), त्याच्या वेगळ्या सेन्सरसह
- एक साधी वही

काट्याचे, गोल, चिकटवायचे हायग्रोमीटर घेऊ नका. ते वीस-वीस टक्के चुकतात आणि काही महिन्यांत काटा अडकतो. टँकसोबत फुकट मिळाला असेल, तरीही तो काढून टाका.

डिजिटल यंत्रसुद्धा घेतल्या घेतल्या तपासावं लागतं. मिठाची चाचणी घरी होते. बाटलीच्या झाकणात खाण्याचं मीठ भरा आणि त्यावर थेंबथेंब पाणी घाला. मीठ पूर्ण भिजलं पाहिजे, पण वर पाणी साचता कामा नये. हे झाकण आणि हायग्रोमीटर एका हवाबंद डब्यात ठेवा. मीठ यंत्राला लागू देऊ नका. डबा उन्हापासून आणि पंख्यापासून दूर, एकाच तापमानाच्या जागी २४ तास राहू द्या. मिठाच्या संपृक्त द्रावणावरच्या बंद हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. यंत्र ६९ दाखवत असेल, तर पुढे प्रत्येक वाचनात ६ मिळवायचे. फरक दहाहून जास्त असेल तर यंत्र बदला. ही चाचणी दर सहा महिन्यांनी पुन्हा करा. पावसाळ्यानंतर सेन्सर हटकून सरकतात.

सेन्सर कुठे लावता, यावर आकडा ठरतो. एक गरम बाजूला आणि एक थंड बाजूला, दोन्ही तळाच्या थरापासून ३ ते ५ सेंमी वर. पाण्याच्या भांड्यावर, बल्बच्या थेट खाली किंवा झाकणाला टेकवून लावलेला सेन्सर सापाच्या जागेबद्दल काहीच सांगत नाही.

नोंद रोज दोनदा करा, सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला. शिवाजीनगरच्या वेधशाळेतली आर्द्रताही याच दोन वेळांना नोंदली जाते. त्यामुळे बाहेरचा आकडा आणि टँकमधला आकडा शेजारीशेजारी लिहिता येतो. पंधरा दिवसांत कळतं की टँक बाहेरच्या हवेमागे किती धावतो. तो जितका कमी धावेल तितकी तुमची मांडणी चांगली.

४. उष्णता आणि आर्द्रतेचा हिशेब

ही पायरी बहुतेक जण वगळतात, आणि मग सहा महिने फवारे मारत बसतात.

हायग्रोमीटर सापेक्ष आर्द्रता दाखवतो. त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते, त्याच्या किती टक्के वाफ आत्ता हवेत आहे, असा तो आकडा. हवा तापली की तिची वाफ धरण्याची क्षमता वाढते, म्हणून वाफ तेवढीच असूनही टक्का खाली येतो.

उदाहरण घ्या. हिवाळ्याच्या रात्री खोली २० अंश आहे आणि आर्द्रता ६० टक्के. २० अंशांना एक घनमीटर हवा सुमारे १७.३ ग्रॅम वाफ धरते. म्हणजे आत्ता तिच्यात १०.४ ग्रॅम आहे. हीच हवा टँकच्या जाळीतून आत जाऊन ३२ अंशांपर्यंत तापली. त्या तापमानाला क्षमता ३३.८ ग्रॅम. वाफ तीच १०.४, म्हणून आर्द्रता ३१ टक्के. खोलीतलं यंत्र ६० दाखवत असताना बॉल पायथन ३१ टक्क्यांत बसलेला असतो.

आता जुलै. खोली २५ अंश, आर्द्रता ८५ टक्के, म्हणजे घनमीटरला १९.६ ग्रॅम वाफ. ती ३२ अंशांवर गेली की ५८ टक्के, आणि थंड बाजूला २७ अंशांवर ७६ टक्के. बॉल पायथनसाठी हे जवळपास बरोबर आहे आणि एक थेंबही पाणी घालावं लागलेलं नाही.

यातून दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, टँकची आर्द्रता नीट करण्याआधी तापमान नीट करा. हॉट स्पॉट, म्हणजे टँकमधला सर्वांत गरम भाग, ३२ ऐवजी ३६ अंश झाला असेल, तर ओतलेलं सगळं पाणी वाया जाईल. बॉल पायथनसाठी गरम बाजू ३१ ते ३३ आणि थंड बाजू २५ ते २७ अंश. कॉर्न स्नेकसाठी २९ ते ३१ आणि २३ ते २५. दोन, झडपा उघडून टँकमधली वाफ खोलीतल्या हवेपेक्षा कमी होत नाही. पावसाळ्यात खोलीच दमट असेल तर खोलीची हवा कोरडी करा किंवा टँक दोन अंश गरम ठेवा, तिसरा मार्ग नाही.

थर्मोस्टॅटशिवाय कोणतंही हीटिंग लावू नका. सिरॅमिक हीटर आणि बल्ब हवा जास्त कोरडी करतात. रेडियंट पॅनेल (छताला आतून लावायची, उष्णता खाली सोडणारी सपाट पाटी) त्या मानाने कमी. हीट मॅट वापरत असाल तर तिच्यावर जाड थर पसरू नका: उष्णता अडकते, काच तापते, आणि उकरून खाली गेलेला साप भाजतो.

५. टँक आणि झाकण

काचेचा टँक आणि वर पूर्ण जाळी ही मांडणी पुण्याच्या उन्हाळ्यात सर्वांत अवघड. गरम हवा जाळीतून वर निघून जाते आणि वाफ सोबत नेते. टँक आधीच घेतला असेल तर जाळीचा ७० ते ८० टक्के भाग ॲक्रिलिक किंवा पॉलीकार्बोनेटच्या पत्र्याने झाका. बल्ब किंवा सिरॅमिक हीटर जाळीवर असेल, तर त्याच्या भोवती चारही बाजूंनी किमान १० सेंमी जागा मोकळी सोडा, नाहीतर पत्रा वितळतो. पत्रा कायमचा चिकटवू नका. जूनमध्ये तो काढायचा आहे.

नवीन करून घेत असाल, तर समोर सरकत्या काचा असलेली पीव्हीसी फोम शीटची पेटी सर्वांत सोयीची. ती पाणी पीत नाही आणि उष्णताही धरते. सुताराकडून प्लायवूडची करून घेतलीत, तर आतून सगळीकडे लॅमिनेट आणि सांध्यांना सिलिकॉन हवं. उघडं प्लाय एका पावसाळ्यात फुगतं आणि त्या सांध्यांत गोचीड-किड्यांना घर मिळतं. सिलिकॉन भरल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत, साधारण आठवडाभर, साप आत सोडू नका.

हवेची भोकं दोन ठिकाणी ठेवा: थंड बाजूच्या भिंतीत खाली, गरम बाजूच्या भिंतीत वर. म्हणजे हवा आपोआप फिरते. चार फुटी पेटीला अशा दोन जाळ्या, प्रत्येकी सुमारे १५ बाय ५ सेंमी, पुरतात. दोन्हींवर सरकतं झाकण बसवून घ्या.

६. तळाचा थर

आर्द्रतेचं खरं काम इथे होतं, म्हणून पैसे आणि वेळ इथेच घाला.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पुण्यातल्या कोणत्याही नर्सरीत मिळतं. खत मिसळलेलं ‘पॉटिंग मिक्स’ घेऊ नका. पाकिटावर निव्वळ कोकोपीट लिहिलेलं हवं. सोबत नारळाच्या सालीचे तुकडे, म्हणजे कोको चिप्स घ्या. दोन भाग कोकोपीट आणि एक भाग चिप्स असं मिश्रण केलं की थरात हवा खेळते आणि तो घट्ट बसत नाही. निव्वळ कोकोपीट वाळलं की त्याची बारीक धूळ सापाच्या नाकपुड्यांत जाते.

किती लागेल? १२० बाय ६० सेंमीच्या तळाला ६ सेंमी जाडीचा थर म्हणजे सुमारे ४३ लिटर. साडेसहाशे ग्रॅमची वीट भिजून आठ-नऊ लिटर होते, म्हणजे नुसतं कोकोपीट वापरलं तर पाच विटा. चिप्स मिसळणार असाल तर साडेतीन विटा आणि १४ लिटर चिप्स. ९० बाय ४५ सेंमीच्या टँकला याच्या निम्म्याहून थोडं जास्त.

तयारी अशी:

- वीट बादलीत चार-पाच लिटर पाण्यात भिजवा आणि फुलू द्या.
- कापडातून पिळून पाणी फेका आणि स्वच्छ पाण्यात आणखी दोनदा धुवा. नारळाचा काथ्या अनेकदा खाऱ्या पाण्यात कुजवलेला असतो. ते मीठ निघून गेलं पाहिजे.
- जुन्या चादरीवर पसरून वाळवा. उन्हाळ्यात गच्चीवर अर्ध्या दिवसात होतं, पावसाळ्यात पंख्याखाली दोन दिवस लागतात.
- मूठभर घेऊन आवळा. गोळा टिकला पण बोटांतून पाणी निघालं नाही, की थर टाकायला तयार. थेंब गळले तर अजून वाळवा. गोळा लगेच विस्कटला तर थोडं पाणी शिंपडा.

टँकमध्ये पसरल्यावर एक दिवस तसंच ठेवा. वरचा एक-दीड सेंमीचा थर कोरडा पडेल. तो कोरडाच राहिला पाहिजे. पुढचं पाणी वरून फवारायचं नाही. लांब तोंडाच्या बाटलीने चार कोपऱ्यांत, काचेला लागून ओता म्हणजे ते तळाशी जाऊन पसरतं. चार फुटी टँकला पहिल्या वेळी सगळे कोपरे मिळून अर्धा लिटर पुरे. २४ तास थांबा, आकडा पाहा, मगच आणखी ओता. घाईने दोन लिटर ओतलं तर ते परत काढता येत नाही. काचेतून तळाशी पाण्याची रेघ दिसली तर पाणी जास्त झालं. त्या कोपऱ्यातला थर काढून वाळवा.

आठवड्यातून एकदा हाताने थर खालीवर करा. विष्ठा आणि तिच्या भोवतीचा मूठभर थर त्याच दिवशी काढा. सगळा थर तीन-चार महिन्यांनी बदला, पावसाळ्यात सहा ते आठ आठवड्यांनी.

काय वापरू नये: सुताराकडचा भुसा (त्यात प्लाय आणि एमडीएफचा डिंक असतो), देवदार किंवा चीड यांची सालपटं (त्यांतले तेलकट वास सापाच्या फुप्फुसांना बाधतात), वाळू, बागेतली माती. ॲस्पेन या झाडाच्या लाकडाचा भुसा कोरड्या हवेतल्या जातींना चालतो, पण ओला झाला की दोन दिवसांत बुरशी येते. वर्तमानपत्र आजारी सापासाठी आणि नवीन आणलेल्या सापाच्या पहिल्या महिन्यासाठी उत्तम, कारण किडे आणि विष्ठा लगेच दिसतात. त्या काळात ओल फक्त पुढच्या पायरीतल्या लपणातून द्यायची.

७. ओलसर लपण

एकच गोष्ट करायला वेळ असेल, तर ही करा. टँकची आर्द्रता दहा टक्क्यांनी कमी पडली, तरी ओलसर लपण असलेला साप कात नीट टाकतो, कारण तो गरजेप्रमाणे आत जातो आणि बाहेर येतो. निर्णय त्याच्यावर सोपवता येतो.

झाकणाचा अपारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घ्या. साप वेटोळं घालून बसल्यावर अंग डब्याच्या बाजूंना टेकलं पाहिजे. फार मोठ्या डब्यात त्याला सुरक्षित वाटत नाही. सापाच्या सर्वांत जाड भागाच्या दीडपट रुंदीचं भोक पाडा आणि कडा पॉलिश पेपरने घासा. कड बोटाला टोचत असेल तर ती सापालाही कापेल. आत एक तृतीयांश उंचीपर्यंत स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ) भरा. ऑर्किडसाठी नर्सरीत मिळतं तेच. भिजवा आणि पाणी गळायचं पूर्ण थांबेपर्यंत पिळा. डबा टँकच्या मधोमध ठेवा, जरासा गरम बाजूकडे. थेट हीटिंगखाली नको. मॉस दर आठवड्याला धुवा, महिन्याने बदला.

मातीचं लपणही छान चालतं. कसब्यातल्या कुंभारवाड्यात बिनरंगी, बिनचकाकीचं लहान मडकं मिळतं. तोंड मोठं हवं आणि कड घासलेली हवी. ते बाहेरून भिजवून ठेवलं की माती हळूहळू ओल सोडते. गेरू किंवा ऑइलपेंट लावलेलं घेऊ नका.

पाण्याचं भांडं जड, पसरट हवं. उन्हाळ्यात ते मधोमध किंवा गरम बाजूला सरकवा, पावसाळ्यात थंड बाजूला आणि आकाराने लहान. पाणी रोज बदला. बोअरवेलचं पाणी असेल तर भांड्याला पांढरे थर धरतात. साबण वापरलात तर चार पाण्यांनी धुवा.

८. पुण्याचे महिने

मार्च ते मे: दुपारी बाहेरची आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्याही खाली उतरते. झाकणाचा पत्रा लावा, वरची जाळी अर्धी बंद करा आणि कोपऱ्यांत आठवड्यातून दोनदा पाणी घाला. खोलीत डेझर्ट कूलर लावत असाल तर टँकला वेगळं पाणी फारसं लागत नाही, पण कूलरचा झोत टँकवर येऊ देऊ नका. एसी उलट काम करतो. रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीत सकाळी टँक हमखास कोरडा मिळतो. या दिवसांत खोलीच ३४-३५ अंशांवर जाते, तेव्हा हीटिंग बंद आहे ना ते थर्मोस्टॅटवर पाहा आणि टँक पश्चिमेच्या भिंतीपासून हलवा. थंड बाजू ३० च्या वर जाणं कोरडेपणापेक्षा धोक्याचं आहे.

जून ते सप्टेंबर: सर्वाधिक साप याच काळात आजारी पडतात. पहिला मोठा पाऊस झाला की पत्रा काढा, दोन्ही जाळ्या पूर्ण उघडा, कोपऱ्यांत पाणी घालणं बंद. ओलसर लपणातलं मॉस अर्धं करा. कॉर्न स्नेक आणि हॉगनोज कागदावर किंवा कोरड्या ॲस्पेनवर हलवले तर बरं. आकडा आठवडाभर ७० च्या वर राहिला तरी घाबरू नका. पृष्ठभाग कोरडा आणि हवा हलती असेल तर कॉर्न स्नेकला त्याने अपाय होत नाही. हवा अडली असेल तर जाळीच्या बाहेर कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा छोटा पंखा मंद वेगाने, हवा बाहेर ओढेल असा लावा. खोलीत एसी असेल तर ड्राय मोडवर दोन-तीन तास पुरतात. कपाटासाठी मिळणारे ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे खोलीत चालतील, टँकमध्ये कधीही नाही. त्यांत साचणारं पाणी कातडी भाजतं.

ऑक्टोबर: पंधरवड्यात हवा पालटते. पत्रा परत केव्हा लावायचा हे तारखेवर ठरवू नका, वहीतले आकडे पाहा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: दिवसापेक्षा रात्र अवघड. हीटिंग रात्रभर चालतं आणि चौथ्या पायरीतला हिशेब लागू होतो. टँकच्या मागे आणि दोन्ही बाजूंना बाहेरून थर्माकोल लावा. उष्णता टिकली की हीटर कमी वेळ चालतो आणि हवा कमी सुकते. पाणी घालायचं तर सकाळी घाला, संध्याकाळी नको. थंड रात्री ओला थर सापाच्या छातीला बाधतो.

९. कात टाकण्याचे दिवस

रंग फिका पडतो, पोट गुलाबीसर दिसतं, डोळे दुधाळ होतात. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर बहुधा आठवड्याभरात कात पडते. डोळे दुधाळ दिसल्या दिवसापासून लपणातलं मॉस ताजं ओलं करा आणि सापाला हात लावू नका, खायलाही देऊ नका.

कात पडल्यावर ती सरळ करून तपासा: डोळ्यांवरच्या दोन चकत्या आणि शेपटीचं टोक त्यात आहे का? शेपटीच्या टोकाला कातीचं कडं राहिलं तर ते दर वेळी घट्ट होत जातं आणि टोक मरतं.

तुकडे राहिले तर झाकणाला भोकं असलेल्या डब्यात २८ ते ३० अंशांचं पाणी घ्या, सापाच्या जाडीच्या निम्म्या उंचीपर्यंतच. वीस मिनिटं, शेजारी बसून. मग ओल्या टॉवेलच्या घड्यांतून त्याला आपणहून सरकू द्या. नखांनी ओढू नका. डोळ्यावरची चकती राहिली तर तिला हातच लावू नका. पुढच्या कातीपर्यंत आर्द्रता सांभाळा, तरी राहिली तर डॉक्टर. खोबरेल तेल, हळद, व्हॅसलीन काहीही लावायचं नाही.

१०. नेहमीच्या चुका

दिवसातून तीनदा फवारणी. आकडा अर्ध्या तासासाठी ९० होतो आणि दोन तासांत ३५ वर येतो. मधल्या वेळात साप ओल्या पृष्ठभागावर पोट टेकून बसतो. पोटावरचे खवले सडतात ते यानेच.

अल्ट्रासॉनिक फॉगर, म्हणजे पाण्याचं धुकं सोडणारं यंत्र. टाकीतलं शिळं पाणी जंतूंसकट थेट सापाच्या श्वासात जातं आणि सगळे पृष्ठभाग ओले होतात. मोठ्या प्रदर्शनी टँकमध्ये जाणकार लोक ते वापरतात, नवख्याने टाळावं.

भांड्यात ओला स्पंज. दोन दिवसांत त्यावर जंतू वाढतात. त्यापेक्षा मोठं भांडं ठेवा.

खोलीत अगरबत्ती, धूप, मच्छर कॉइल, डांबर गोळ्या. पावसाळ्यात झडपा उघड्या असतात, तेव्हा हे सगळं आत जातं. टँक पुसायला फिनाइल आणि डेटॉलही नको. गरम पाणी, थोडा भांड्यांचा साबण, भरपूर पाण्याने धुणं आणि ऊन.

साप दिवसभर पाण्यात बसला की ‘त्याला आवडतं’ असं समजणं. टँक कोरडा आहे, फार गरम आहे, कात जवळ आली आहे किंवा अंगावर माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे) आहेत, यांपैकी काहीतरी एक असतं. भांड्याच्या तळाशी मिरीच्या पुडीएवढे काळे ठिपके दिसले तर माइट्स. त्या दिवशीच सगळा थर फेका, साप कागदावर हलवा आणि औषध डॉक्टरांना विचारूनच लावा.

११. डॉक्टरकडे केव्हा

तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, नाकातोंडाशी बुडबुडे किंवा चिकट लाळ, डोकं सतत वर धरून बसणं ही छातीच्या संसर्गाची लक्षणं आहेत. पोटावर तपकिरी-लाल डाग, फोड किंवा सुटलेले खवले हे सडण्याचं लक्षण. दोन्हींत आर्द्रता सुधारून वाट पाहत बसू नका. कुत्र्या-मांजरांचा दवाखाना पुरत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य कोण, हे साप आणण्याआधीच शोधून नंबर लिहून ठेवा. उरलेली अँटिबायोटिक्स अंदाजाने देऊ नका, सापाचा डोस वजनावर आणि शरीराच्या तापमानावर ठरतो.

नेताना साप सुती पिशवीत, पिशवी भोकं पाडलेल्या डब्यात. पावसात दुचाकीवर नेऊ नका. ओला वारा लागलेला, थंड पडलेला साप तपासणीत नीट कळतही नाही. सोबत कागद, पडलेली कात, टँकचे फोटो आणि तापमान-आर्द्रतेची वही घ्या. मागच्या महिन्याचे आकडे पाहून डॉक्टरांना निम्मं निदान तिथेच करता येतं. परत आल्यावर उपचार संपेपर्यंत तळाला कागद ठेवा, गरम बाजू ठरलेल्या वरच्या मर्यादेवर, म्हणजे बॉल पायथनला ३३ अंशांवर राहू द्या, आणि रात्रीही ती फार उतरू देऊ नका.